दोन बेटांमधील अंतर : मुंबई आणि मॉरिशस

नकाशावरील दोन स्थळांमधील अंतर मोजणे हे शाळेतील मुलाच्याही आवाक्यातील काम आहे. पट्टी ठेवावी, प्रमाण पाहावे आणि गुणाकार करावा, म्हणजे उत्तर हाती येते. परंतु त्या दोन स्थळी राहणारी माणसे एकमेकांपासून किती दूर होती हे सांगण्यास पट्टी पुरी पडत नाही. त्यासाठी वाहन कोणते, वारा कोणता, भाडे किती, आणि जाणाऱ्यास परत येण्याची मुभा होती की नव्हती, इतक्या गोष्टी पाहाव्या लागतात. पृथ्वीवरील अंतर स्थिर आहे. माणसामाणसांतील अंतर मात्र शतकागणिक बदलत आले आहे, आणि त्या बदलाचा वृत्तांत हाही इतिहासाचाच एक भाग होय.

सोलापूरच्या रहिवाशास या गोष्टीची साक्ष घरबसल्या मिळण्यासारखी आहे. सोलापूरहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४५५ किलोमीटर आहे. बैलगाडीच्या काळात दिवसाकाठी पंधरा मैलांची मजल धरली, तर हा प्रवास अडीच-तीन आठवड्यांचा होई. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास येऊन पोहोचला. पण तेव्हाही मुंबईचा प्रवास अखंड झाला नव्हता. बोरघाटातील चढाचे काम पुरे व्हावयाचे होते, आणि म्हणून उतारूंना खंडाळ्यास गाडी सोडून पालखीने, तट्टाने अथवा पायी घाट उतरून खोपोलीस पुन्हा गाडी धरावी लागे. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी हेच अंतर सुमारे साडेसहा तासांत कापते. आता गंमत अशी की, मुंबईच्या विमानतळावरून निघालेले विमान जवळजवळ तेवढ्याच वेळात हिंदी महासागर ओलांडून मॉरिशस बेटावर उतरते. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने सोलापुरापासून मुंबई जितकी दूर, तितकेच मुंबईपासून मॉरिशस दूर. ज्या बेटावर गेलेला मराठी माणूस एके काळी आपल्या गावाला कायमचा अंतरत असे, ते बेट असे शेजारी येऊन कसे बसले, आणि खरोखरच ते शेजारी आले काय, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रारंभी एका गोष्टीचा खुलासा करणे अवश्य आहे. मॉरिशस हे बेट आहे हे सर्वांस ठाऊक असते. पण मुंबईचा विमानतळही बेटावरच आहे याचे विस्मरण पुष्कळांस झालेले असते. सांताक्रूझचा विमानतळ ज्या भूमीवर आहे ती साष्टी होय. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशी तिची चतुःसीमा आहे. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेले व १७७४ साली इंग्रजांनी बळकावलेले हेच ते साष्टी बेट. १८४५ साली माहीमची खाडी बांधाने जोडली गेली, पुढे भराव पडले, पूल झाले, आणि बेटपण लोकांच्या मनातून पुसले गेले. मॉरिशसचे बेटपण मात्र पुसले जाण्यासारखे नाही. सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद अशी ही भूमी महासागराच्या मध्ये एकटी पडलेली आहे. तिचा सर्वांत जवळचा मोठा शेजारी म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरांवरील रियुनियन बेट.

या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर, म्हणजे २,९०० मैलांहून किंचित अधिक आहे. दोहोंची स्थाने पाहिली तर मोठे कुतूहल वाटते. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. विषुववृत्त जवळजवळ मध्यावर येते; त्यामुळे एकीकडे हिवाळा असता दुसरीकडे उन्हाळा असतो. या मार्गावर मुंबईचा किनारा सुटला की मॉरिशसचा किनारा दिसेपर्यंत जमीन म्हणून लागत नाही. चागोसची बेटे पूर्वेस शेकडो किलोमीटर दूर राहतात आणि सेशेल्सची पश्चिमेस. अशा उघड्या समुद्रावरून मराठी माणसांचे पहिले जाणे कसे घडले, तिकडे आता वळू.

मॉरिशस हे नाव डच लोकांनी आपल्या राजपुत्र मॉरित्स याच्यावरून १५९८ साली ठेवले. डचांनी बेट सोडल्यावर अठराव्या शतकात तेथे फ्रेंचांचा अंमल बसला, आणि १८१० साली ते इंग्रजांच्या हाती गेले. फ्रेंचांनी तेथे उसाची लागवड वाढविली होती, ती इंग्रजांच्या अमदानीत कितीतरी पटींनी वाढली. उसास मजूर लागत, आणि ते मजूर प्रथम आफ्रिका व मादागास्कर येथून धरून आणलेले गुलाम होते. हिंदुस्थानातून तेथे मोठ्या संख्येने प्रथम जे लोक पोहोचविले गेले, त्यांत १८१५ नंतर पाठविलेले जन्मठेपेचे कैदी होते. बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून ते नेले जात, आणि बेटावरील रस्ते व पूल बांधण्याच्या कामी त्यांस लाविले जाई. १८३६ साली सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन आपल्या जगप्रवासात मॉरिशसला थांबला होता, तेव्हा हे हिंदी कैदी त्याच्या पाहण्यात आले. या बेटावर मराठी माणसाच्या पायाचा ठसा अशा रीतीने, बेडीच्या आवाजासह, उमटला.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांनी त्या आधीच दुसरी तजवीज करून ठेविली होती. १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यास ३६ मजुरांकडून पाच वर्षांचा करार करवून घेण्यात आला, आणि ‘अॅटलस’ नावाच्या जहाजाने ते २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुई बंदरात उतरले. करार झाल्यापासून बेटावर पाय ठेवीपर्यंत ५३ दिवस गेले. पुरुषाचा मासिक पगार पाच रुपये, त्याखेरीज ठराविक शिधा व कपडे, असा साधारण बेत असे. याच सुमारास मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. त्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील कोकणी मुलखातील शेतकरी व मजूर यांचा भरणा मोठा होता. घाटावरीलही काही होते. मजुरांच्या हालांची ओरड झाल्यामुळे मध्यंतरी काही वर्षे ही निर्यात बंद ठेवण्यात आली आणि १८४२ नंतर सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने मुंबईचा वाटा लहान होता, तरी तो काही हजारांचा होता. १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर मॉरिशसच्या धक्क्यावर उतरले. त्यांपैकी परत आले ते सुमारे एक तृतीयांश.

शिडाच्या जहाजास सरळ रेषा ठाऊक नसते. मुंबईहून दक्षिणेस जावयाचे तर हिवाळ्यातील ईशान्येचा वारा अनुकूल पडे. परंतु विषुववृत्ताजवळ वारा पडून शिडे लोंबकळत, आणि तो पट्टा ओलांडला की आग्नेयेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांशी झुंजत वळणे घेत जावे लागे. सारे नीट जमले तर चार-पाच आठवडे लागत. न जमल्यास अधिक. पाच आठवड्यांचा हिशेब मांडला तर असे दिसते की, ४,७०० किलोमीटरांच्या सरळ अंतरावर हे जहाज तासाला साडेपाच किलोमीटर पुढे सरके. हा वेग पायी चालणाऱ्या माणसाचा आहे. कोकणातून मुंबईपर्यंत आलेला मजूर त्यापुढेही, समुद्रावर असूनही, चालण्याच्याच गतीने आपल्या घरापासून दूर जात होता.

पण हे पाच आठवडे हाच काही त्याच्या वाटेतील मोठा अडसर नव्हता. पाच आठवड्यांची वाट पंढरीच्या वारकऱ्यासही नवी वाटू नये. वारकरी परतण्याच्या भरवशावर निघतो, आणि या मजुरास नेमका तो भरवसा नव्हता. प्रारंभीच्या करारात मुदत संपल्यावर विनामूल्य परतीचा प्रवास देण्याची अट होती. १८५० नंतरच्या काही वर्षांत ती काढून टाकण्यात आली. परतीच्या भाड्याचा भार मजुरावर पडला. पाच रुपयांच्या पगारातून, आजारपणाचे व गैरहजेरीचे पैसे कापले जात असता, कुटुंबाच्या भाड्याइतकी रक्कम शिल्लक टाकणे किती जणांस साधले असेल, याचा अंदाज परतलेल्यांच्या संख्येवरून बांधता येतो.

याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे बेटाच्या आतील अंतरही मजुरास मोकळे नव्हते. करार पुरा केलेल्या माणसासही आपले छायाचित्र लाविलेला परवाना जवळ बाळगावा लागे. १८६७ च्या कायद्याने हे बंधन अतिशय कडक केले. परवान्यावाचून एका विभागातून दुसऱ्या विभागात आढळलेला मजूर भटक्या ठरून तुरुंगात जाई. ६५ किलोमीटर लांबीच्या बेटात, ज्याच्या कडेपासून कडेपर्यंत दोन दिवसांत चालत जाता येते, तेथे शेजारच्या गावातील भावास भेटण्यास पोलिसांच्या परवानगीचा कागद लागे. १८७१ साली द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने ९,४०१ मजुरांनी या जुलमाविरुद्ध अर्ज केला. त्याचा परिणाम म्हणून १८७२ साली विलायत सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७५ साली त्याचा अहवाल आल्यावर ही बंधने क्रमाक्रमाने सैल झाली. साडेनऊ हजारांच्या आसपास माणसांनी, ज्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती, आपल्या खुणा करून एक अर्ज उभा केला. बेटाच्या इतिहासात या अर्जाचे मोल मोठे आहे.

माणूस असा जागच्या जागी खिळलेला असता त्याने पिकविलेला माल मात्र अगदी मोकळेपणाने फिरत होता. मराठीत पांढऱ्या शुभ्र साखरेस ‘मोरस’ असे एक जुने नाव आहे. हे ‘मोरस’ म्हणजे मॉरिशसच. त्या बेटावरून मुंबई बंदरात आलेली दाणेदार साखर या नावाने दक्षिणेतील बाजारपेठांत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसच्या साखरेचे हिंदुस्थान हे मोठे गिऱ्हाईक होते. युरोपातील बिटाच्या साखरेशी तिला टक्कर देता यावी म्हणून १८९९ साली हिंदुस्थान सरकारने बिटाच्या साखरेवर खास जकातही बसविली. घरातील सणाच्या दिवशी पुरणात मोरस साखर पडावी आणि ती ज्या शेतात पिकली तेथे गावातीलच एखाद्या घरचा हरवलेला मुलगा ऊस तोडीत असावा, असा योग त्या काळी पुष्कळ ठिकाणी घडून आला असला पाहिजे. साखर त्याच समुद्रावरून घरी आली. मुलगा आला नाही. १९३२ साली साखर धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाल्यावर परदेशी साखर मागे हटली आणि माळशिरस तालुक्यातील माळीनगर, श्रीपूर यांसारख्या ठिकाणी कारखाने उभे राहिले. आज उसाच्या गाळपात सोलापूर जिल्हा महाराष्ट्रात अग्रभागी गणला जातो, आणि ‘मोरस’ हा शब्द तरुण पिढीच्या कानावरूनही गेलेला नसतो.

आगबोटी आल्या तेव्हा वाऱ्याची गुलामगिरी संपली. परंतु नव्या वाहनाने नवी अडचणही आणली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. तोवर विलायतेहून हिंदुस्थानास येणारी जहाजे आफ्रिकेस वळसा घालीत, आणि मॉरिशस त्यांच्या वाटेवर पडे. कालव्यामुळे मुख्य वाहतूक उत्तरेकडे वळली व बेट आडवळणी झाले. त्याचे स्थान तसूभरही हलले नव्हते, पण जगाचा रस्ता हलला होता. मुंबई याच कालव्यामुळे भरभराटीस आली आणि १८७० साली समुद्रातील तारेने सुएझशी जोडलीही गेली. मॉरिशसला झांजिबार व सेशेल्समार्गे तार पोहोचावयास १८९३ साल उजाडले. तारेने निरोप काही तासांत जाऊ लागला. पण तारेचे दर शब्दागणिक असत, आणि मळ्यावरील मजुराच्या दृष्टीने तो निरोप धनवंतांचाच राहिला.

१९०१ साली मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतून हिंदुस्थानास येत असता त्यांची ‘नौशेरा’ ही आगबोट ३० ऑक्टोबर रोजी पोर्ट लुईस लागली. बोटीस तेथे अठरा-वीस दिवस थांबावे लागले, आणि त्या मुक्कामात त्यांनी हिंदी मजुरांची स्थिती जवळून पाहिली. पुढे १९०७ साली बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसमध्ये आले व मजुरांची बाजू न्यायालयात मांडू लागले. आगबोटीचा हा उपकार मानला पाहिजे की, तिच्यामुळे मजुरांखेरीज त्यांचे कैवारीही येऊ शकले.

आता आकाशमार्गाचा विचार करू. मुंबईजवळ, साष्टी बेटाच्या समुद्रकाठी, जुहू येथे १९२८ साली विमानांचे मैदान तयार झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस घेऊन गेले. १९३८ साली ही सेवा कोलंबोपर्यंत वाढली, आणि साष्टी व सिंहलद्वीप ही दोन बेटे हवेतून जोडली गेली. मॉरिशसमध्ये याच सुमारास, १९३३ साली, उत्तर किनाऱ्यावरील माँ शॉयझीच्या मैदानावरून रियुनियनशी पहिला हवाई संबंध जुळला. पण तो सव्वादोनशे किलोमीटरांचा पल्ला होता. अफाट महासागर ओलांडावयाचा तर त्यास निराळी साधने हवी होती.

ती साधने युद्धाच्या निकडीने पैदा केली. जून १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियन वैमानिक पी. जी. टेलर यांनी ‘गुबा’ नावाच्या समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून कोकोस बेटे, दिएगो गार्सिया आणि सेशेल्स या टप्प्यांनी मोंबासा गाठून मार्गाची पाहणी केली. सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलिया व सिंहलद्वीप यांमधील नेहमीचा मार्ग तुटला, तेव्हा १९४३ पासून १९४५ पर्यंत कॅटॅलिना जातीची विमाने पर्थपासून सिंहलद्वीपातील कोग्गला सरोवरापर्यंत सुमारे ५,६०० किलोमीटर कोठेही न थांबता जात. या प्रवासास २७ ते ३३ तास लागत. इंधनाचे ओझे इतके असे की तीनहून अधिक उतारू घेता येत नसत, आणि त्या तिघांस एकाच उड्डाणात दोन सूर्योदय पाहावयास मिळत. मॉरिशसमध्ये प्लेसान्स येथील धावपट्टीही याच महायुद्धाच्या काळात, उसाच्या रानांच्या शेजारी, तयार झाली.

युद्ध संपल्यावर लष्करी धावपट्ट्या नागरी उपयोगास आल्या. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनकडे निघाले. १९५० साली नैरोबीपर्यंत सेवा सुरू झाली. १ सप्टेंबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सिडनी ते जोहान्सबर्ग हा मार्ग उघडला. त्यातील कोकोस ते मॉरिशस हा टप्पा सुमारे ४,२५० किलोमीटरांचा होता. दोन लहानशी बेटे, मध्ये केवळ पाणी, आणि तासाला सुमारे ५०० किलोमीटर जाणारे पंख्यांचे विमान. म्हणजे साडेआठ-नऊ तास खाली समुद्राखेरीज काही नाही. १९६७ साली एअर मॉरिशस ही कंपनी स्थापन झाली, १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, आणि पुढे जेट विमानांच्या युगात मुंबई व प्लेसान्स यांच्यामध्ये थेट उड्डाणे होऊ लागली.

आजच्या उड्डाणाचा हिशेब सोपा आहे. जेट विमान उंचावर तासाला सुमारे ८५० किलोमीटर जाते. ४,७०० किलोमीटरांस साडेपाच तास. चढणे, उतरणे व धावपट्टीवरील वेळ धरून सहा तास किंवा थोडे अधिक. शिडाच्या पाच आठवड्यांचे ८४० तास होतात. म्हणजे काळ १४० पटींनी आखडला. मुंबई आणि मॉरिशस यांच्या घड्याळांत दीड तासाचा फरक आहे. त्यामुळे मुंबईहून सकाळी सहास निघालेले विमान सहा तासांनी तेथे उतरले, तर तेथील घड्याळात साडेदहाच वाजलेले असतात. उलट तेथून सहास निघाल्यास मुंबईच्या घड्याळात दुपारचा दीड वाजतो. एकाच मार्गास जाताना साडेचार व येताना साडेसात तास लागल्याचा भास होतो, तो याच कारणाने.

तथापि बेटाचे बेटपण विमानानेही पुरते नाहीसे केलेले नाही. मुंबईवर दाट धुके वा वादळ असले तर विमान अहमदाबादेस किंवा हैदराबादेस उतरविता येते. मॉरिशसला जाणाऱ्या वैमानिकास असा पर्याय म्हणजे जवळचे रियुनियन. आणि एकच चक्रीवादळ दोन्ही बेटांस झोडपू शकते. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील वादळांचा काळ असतो. म्हणून एकाकी बेटाकडे जाणाऱ्या विमानात नेहमीपेक्षा जादा इंधन राखून ठेवण्याचा शिरस्ता आहे. जुन्या नावाड्याने वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून पिण्याच्या पाण्याची पिंपे अधिक भरून घ्यावीत, तसाच हा प्रकार होय.

एवढ्या घडामोडीत त्या गेलेल्या माणसांचे काय झाले? त्यांची संतती आज सहा-सात पिढ्यांची झाली आहे. घरात ती क्रिओल बोलते, कचेरीत इंग्रजी व फ्रेंच वापरते. तरी मराठी तेथील शाळांत शिकविली जाते, आणि मराठी मंडळींच्या संस्था व मंदिरे नांदत आहेत. कोकणातील जाखडी नाच तेथे टिकून आहे. १८९६ साली हेन्रीएटा गावी गणेशोत्सवास आरंभ झाला असे परंपरेने सांगतात, आणि आज गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. ज्यांच्याजवळ नेण्यास एक गाठोडे होते, त्यांनी त्या गाठोड्यात एवढे नेले ही लहान गोष्ट नव्हे. पोर्ट लुई बंदरातील ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्या घाटाच्या सोळा पायऱ्या आजही पाहावयास मिळतात.

मजुरांची नोंदणी फार तपशिलाने होत असे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, शरीरावरील खूण, जिल्हा, तालुका आणि गाव हे सारे वह्यांत उतरविले जाई; पुढे छायाचित्रेही काढली गेली. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. ज्या नोंदी पळून जाणाऱ्या मजुरास पकडण्याच्या सोयीसाठी केल्या गेल्या, त्याच आज त्याच्या पणतवंडास मूळ गावाचा माग काढून देतात. अडचण एवढीच की गावाची नावे परभाषी कारकुनाने ऐकून लिहिली. मुंबईस सहा तासांत पोहोचलेल्या मनुष्यास त्या वेड्यावाकड्या अक्षरांतून रत्नागिरीकडील एखादी वाडी हुडकून काढण्यास महिने लागू शकतात. समुद्रावरील अंतर यंत्राने जिंकले. कागदावरील हे अंतर माणसाच्या चिकाटीनेच कापावे लागते.

मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तेथे जाहीर केले की, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीतील मॉरिशसवासीयांसही परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंद करून घेता येईल. दोन शतकांच्या या हिशेबात या गोष्टीस जेट विमानाच्या शोधाइतकेच महत्त्व द्यावयास हवे. परतीच्या प्रवासाचा जो हक्क १८५० नंतर मजुरांकडून काढून घेण्यात आला, त्याची अंशतः भरपाई त्यांच्या वंशजांस पावणेदोनशे वर्षांनी मिळाली.

म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने प्रवासाचा वेळ मोजताना केवळ वाहनाचा वेग पाहून थांबू नये. १८५५ साली मुंबईचा व्यापारी आणि कोकणातील मजूर एकाच बंदरातून, एकाच वाऱ्यावर, सारख्याच दिवसांत मॉरिशसला पोहोचत. पण व्यापाऱ्यास ते बेट पाच आठवड्यांवर होते आणि मजुरास एका जन्मावर. दोघांच्या अंतरातील हा फरक शिडांनी निर्माण केला नव्हता, आणि म्हणून तो केवळ विमानाने भरून निघणाराही नव्हता. आजही दूरदेशी कामास जाणाऱ्या माणसाविषयी बोलताना, तो किती तासांत पोहोचला हे विचारण्यापूर्वी, त्यास केव्हा आणि कोणाच्या परवानगीने परतता येईल हे विचारावे. घरापासूनचे त्याचे खरे अंतर त्या उत्तरावरून कळेल.